व्हिसा लागत नाही, बाकी सगळं लागतं

भाचीबाई,

त्रिनिदादला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, हे जावईबापूंनी शोधून काढलं ते खरं आहे. पर्यटक म्हणून नव्वद दिवसांपर्यंत राहता येतं. आधी अर्ज नाही, फी नाही, वकिलातीचे खेटे नाहीत. बार्बाडोसलाही तसंच. पण तेवढ्यावर तिकीट काढायला बसू नका. कागद बघणारी माणसं वाटेत चार ठिकाणी बसलेली असतात: मुंबईचं काउंटर व इमिग्रेशन, मधला विमानतळ, त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावरचा अधिकारी आणि परत आल्यावर मुंबईचाच आरोग्य कक्ष. व्हिसा नाही म्हणजे तिसऱ्या माणसाचं काम थोडं हलकं झालं, एवढंच. बाकीच्या तिघांना त्याचं काही देणंघेणं नाही.

मी गॅसच्या टँकरवर होतो तेव्हा त्रिनिदादच्या पॉइंट लिसास आणि पॉइंट फोर्टिन बंदरांत जाणं व्हायचं. अमोनिया, मिथेनॉल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू हा तिथला मोठा माल. आम्हा बोटीवाल्यांना सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, आणि बंदराचा पास असायचा, त्यामुळे व्हिसाची भानगड कधी आपल्या हातात नव्हती. पण एक कार्ड मात्र प्रत्येकाच्या पासपोर्टात कायम असायचं, आणि तुमच्या सगळ्या यादीत तेच नाही. म्हणून मी शेवटापासून सुरुवात करतो.

पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीव्हर. त्रिनिदादच्या जंगलांत हा रोग माकडांमध्ये आहे. त्यामुळे भारत सरकारच्या पीतज्वराच्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे, आणि त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे की फक्त त्रिनिदाद, टोबॅगो नाही. आपल्या देशात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या प्रत्येक कुंडीखालच्या ताटलीत आहे. रोग एकदा आत आला तर काय होईल या भीतीने आपलं सरकार याबाबतीत जगातल्या कडक सरकारांपैकी एक आहे. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं कार्ड दाखवता आलं नाही, तर उरलेले दिवस वेगळं ठेवतात. तिथं विनवण्या चालत नाहीत, आणि मी भारतीय नागरिक आहे हे सांगून तर मुळीच चालत नाही. नियम माणसाच्या नागरिकत्वावर नाही, तो कुठून आला यावर आहे.

तिकडे जाताना ही लस तुम्हाला कुणी विचारणार नाही. भारतातून थेट येणाऱ्याकडे त्रिनिदाद ती मागत नाही. म्हणूनच लोक फसतात. प्रवासाच्या सगळ्या याद्या 'तिथं काय मागतात' एवढंच सांगतात. घरी परतताना काय मागतात हे कुणी लिहून ठेवत नाही.

लस एकदाच घ्यायची, आयुष्यभर चालते. दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यायचा जुना नियम जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली काढून टाकला. तेव्हा माझं जुनं कार्ड अजून चालतं, तुमची मात्र नवी हवीत. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात टोचून घेतली तरी काही बिघडत नाही असं म्हणणाऱ्याचं गणित परतीच्या तारखेवर अवलंबून आहे. त्या गणितात तुम्ही पडू नका, महिनाभर आधी घ्या. आपल्या फॅमिली डॉक्टरकडे ही लस चालत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत बंदर आरोग्य कार्यालय आणि विमानतळ आरोग्य कार्यालय ही दोन जुनी ठिकाणं आहेत. लशीची बाटली अनेक डोसांची असते, उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच टोचतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं. मूळ पासपोर्ट बरोबर न्या. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक तिथंच उभं राहून वाचा. एक आकडा चुकला तर तो तिथेच दुरुस्त होतो, नंतर होत नाही. आणि जावईबापूंचा पासपोर्ट नूतनीकरणाला आलाय ना? मग नवा हातात आल्यावरच लस घ्यायला जा, नाहीतर कार्डावर जुना क्रमांक पडेल.

आता तुझ्या सासूबाई. त्यांना नेणार आहेस हे कळल्यावर मला आनंद झाला, पण इथं जरा थांब. ही लस जिवंत विषाणूची असते. साठीच्या पुढे, पहिल्यांदाच घेणाऱ्यांत, तिचे गंभीर दुष्परिणाम क्वचित होतात, पण तरुणांपेक्षा जास्त होतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, थायमस ग्रंथीचा आजार असेल, तर लस देतच नाहीत. गरोदरपणातही टाळतात. संधिवातासाठी त्या काय गोळ्या घेतात ते मला माहीत नाही, पण त्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरांकडे आणि मग लसकेंद्रातल्या डॉक्टरांकडे जा. 'बघू तिथे गेल्यावर' असं करू नका. डॉक्टर नको म्हणाले तर नको. मग सरळ बेट बदला. बार्बाडोस भारताच्या त्या यादीत नाही. क्रिकेट बघायला केन्सिंग्टन ओव्हल तिथंच आहे, जिथे रोहित शर्माच्या संघाने २९ जून २०२४ला विश्वचषक उचलला. समुद्र तर त्रिनिदादपेक्षा बार्बाडोसचाच देखणा, हे त्रिनिदादवर जीव असूनही मी मान्य करतो.

टोबॅगोला जाऊन यादीतून सुटता येईल असं जावईबापूंना वाटेल, कारण त्यांना पळवाटा शोधायची हौस आहे. कागदावर ते बरोबर आहे. पण टोबॅगोला जाणारी बहुतेक वाट पियार्कोवरूनच जाते, आणि पियार्को त्रिनिदादमध्ये आहे.

आता वाटेविषयी. मुंबईहून तिथे थेट विमान नाही. कुठेतरी उतरून बदलावं लागतं, आणि व्हिसा नसलेल्या देशाला जाताना व्हिसा लागण्याची जागा हीच. अमेरिकेत 'बाहेर न पडता विमान बदललं' हा प्रकारच अस्तित्वात नाही. न्यूयॉर्क असो की मायामी, प्रत्येकाने इमिग्रेशनमधून जायचं, सामान उचलायचं, पुन्हा द्यायचं. त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवाच, निदान ट्रान्झिटचा. कॅनडामार्गे गेलात तरी आपल्या पासपोर्टला साधारण व्हिसा लागतोच. लंडनला आपल्याला विमानतळाच्या आतल्या आत बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा वगैरे देशांचा चालू व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट आहे, पण अटी वाचून घ्यायच्या. लंडनची आणखी एक खोड आहे. मुंबईची विमानं उतरतात हीथ्रोला आणि कॅरिबियनची बरीचशी सुटतात गॅटविकहून. दोन्ही विमानतळांच्या मध्ये ब्रिटन आहे. म्हणजे तुम्ही देशात शिरलात, आणि मग आतल्या आत बदलण्याचा व्हिसा पुरत नाही, वेगळा लागतो. स्वस्त तिकीट दाखवणाऱ्या संकेतस्थळाला हे कळत नाही. ते दोन विमानं जोडून देतं आणि मधली पाच तासांची फट दाखवून मोकळं होतं.

युरोपात शेंगेन म्हणजे सगळीकडे एकच नियम असं समजू नका. मुक्कामाच्या व्हिसाला एकच नियम आहे. पण विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असेल तर एक समान यादी आहे आणि त्यावर काही देशांनी आपापली वेगळी यादी जोडलेली आहे. एका देशात भारतीय पासपोर्टला चालतं ते शेजारच्या देशात चालत नाही, आणि या याद्या बदलतात. म्हणून तिकीट काढायच्या दिवशी, ज्या विमानतळावर बदलणार त्या देशाच्या वकिलातीचं पान उघडा, विमान कंपनीलाही विचारा आणि त्याची छापील प्रत ठेवा.

एक गोष्ट मात्र कधी बदलत नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला पाहिजे, आणि सामान मुंबईतून थेट राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या चिठ्ठीने गेलं पाहिजे. दोन वेगळी तिकिटं काढली की मधे सामान उचलायला बाहेर पडावं लागतं. बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात शिरायचं, आणि शिरायचं म्हणजे व्हिसा. माझ्या ओळखीतलं एक जोडपं असंच मुंबईच्या काउंटरवरून घरी परतलं. त्यांच्याकडे सगळं होतं: हॉटेल, विमा, परतीचं तिकीट, लससुद्धा. पण दुसरं तिकीट वेगळ्या कंपनीचं होतं. काउंटरवरच्या मुलीवर ते फार चिडले. मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

काउंटरवरच्या माणसाची बाजू समजून घ्या म्हणजे त्याच्याशी बोलणं सोपं जातं. नियमांची टिमॅटिक नावाची एक जंत्री विमान कंपन्या वापरतात. त्यात तुमचा पासपोर्ट, मधले विमानतळ आणि शेवटचं ठिकाण टाकलं की काय काय हवं ते पडद्यावर येतं. तुम्ही तिकडे पोहोचून नाकारले गेलात तर तुम्हाला परत आणायचं विमान कंपनीला, आणि दंडही तिलाच. म्हणून तो तिकडच्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त कडक असतो. त्याच्यासमोर 'अहो, व्हिसा लागत नाही, नेटवर बघा' असं म्हणू नका. त्याला ते माहीत आहे. त्याला परतीचं तिकीट, राहायची जागा आणि मधल्या विमानतळाचं उत्तर हवंय. ते तीन कागद वरच ठेवा.

तिथून पुढे भारताचं इमिग्रेशन. अमेरिकेच्या दिशेने, व्हिसा न लागणाऱ्या देशाला, पहिल्यांदाच जाणारं तरुण जोडपं दिसलं की तिथला अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारतो. त्याला कारण आहे. डिसेंबर २०२३मध्ये ३०३ प्रवाशांना, बहुतेक भारतीयांना, घेऊन निकाराग्वाकडे निघालेलं विमान फ्रान्सच्या वाट्री विमानतळावर थांबवलं होतं, आठवत असेल. सोप्या प्रवेशाच्या देशांतून पुढे जमिनीवरून अमेरिकेत घुसवणाऱ्या दलालांचा तो धंदा. त्रिनिदाद हे बेट आहे, तिथून चालत कुठे जाता येत नाही, पण संशयाला नकाशा कळत नाही. प्रश्न विचारले तर राग मानू नका. नोकरीचं ओळखपत्र, रजा मंजूर झाल्याचं पत्र, आणि क्रिकेट सामन्याची तिकिटं काढली असतील तर तीही जवळ असू द्या. सामन्याच्या तिकिटाइतका प्रामाणिक कागद दुसरा नाही.

नावाचं एक बघ. आपल्या मराठी नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, पासपोर्टात ते कधी 'दिलेल्या नावा'त गेलेलं असतं आणि कधी नसतंच. तिकीट काढताना पासपोर्टाच्या दोन ओळींत जे जसं आहे तसंच टाक. आधार कार्डावर काय आहे, लग्नपत्रिकेत काय होतं, याचा विचार करू नकोस. तुझा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा असेल तर तिकीटही त्याच आडनावाचं, हॉटेलही त्याच आडनावाचं. सासूबाईंना वाईट वाटलं तर मी बोलतो त्यांच्याशी.

पियार्कोला उतरल्यावर माणसं बोलकी असतात, पण अधिकारी अधिकारीच असतो. कुठे राहणार, किती दिवस, कशाला आलात, परत कधी. उत्तरं छोटी द्या. 'इथे काही जमतंय का बघू', 'मित्राच्या दुकानात मदत करणार' असलं गमतीतही बोलू नका. व्हिसा न लागणं हे फिरण्यापुरतं आहे, कमावण्यासाठी नाही. राहायच्या जागेचा पत्ता पूर्ण लिहिलेला हवा, नुसतं 'पोर्ट ऑफ स्पेन' चालत नाही. कुणाच्या घरी उतरणार असाल तर घरमालकाचं नाव, फोन आणि दोन ओळींचं पत्र. मोबाईलवर आहे म्हणू नका, छापून न्या. इतक्या लांबच्या प्रवासानंतर मोबाईलची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने चालेल असा असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

आणि शिक्का पडला की काउंटरवरून हलायच्या आत तो वाच. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी करत नाही. नव्वद दिवस ही वरची मर्यादा आहे, हक्क नाही. अधिकारी त्यापेक्षा कमी दिवस लिहू शकतो, आणि मग तेवढेच तुमचे. 'कायद्यात तर नव्वद आहेत' हे नंतर कामाला येत नाही. दिवस कमी पडणार असतील तर मुदत संपायच्या आधी पोर्ट ऑफ स्पेनच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन अर्ज करायचा असतो, मुदत संपल्यावर नाही. टोबॅगोला जाताना मात्र शिक्का नाही, तो त्याच देशाचा भाग. विमान पंचवीस मिनिटांत नेतं. स्कारबरोला जाणारी फेरी कित्येक तास घेते आणि समुद्र खवळलेला असला तर आतडी बाहेर काढते. मी बोटीवर हाडं झिजवलेला माणूस सांगतोय, सासूबाईंना विमानाने न्या.

शेजारच्या बेटांवर उडी मारायची कल्पना असेल तर प्रत्येक बेट वेगळं घर आहे हे ध्यानात ठेवा. ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट वेगवेगळे देश, प्रत्येकाचा वेगळा शिक्का. मार्टिनिक आणि ग्वादेलूप फ्रान्सचे, पोर्टो रिको अमेरिकेचं, कुरासाव नेदरलँड्सच्या राज्याचा भाग. तिथे त्या त्या देशाचे नियम, आणि युरोपातला शेंगेन व्हिसा फ्रान्सच्या या बेटांना आपोआप लागू होत नाही. त्रिनिदादहून पुढे निघालात की काही बेटं तुमचं पीतज्वराचं पिवळं कार्ड मागू शकतात. नकाशात डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक यांच्यात गोंधळ करू नका. तिकिटं चुकीच्या देशाची काढलेली माणसं मला ठाऊक आहेत.

बॅगेबद्दल. लष्करी छापाचे कपडे अजिबात नाही. हिरव्या-तपकिरी ठिगळांचा टीशर्ट, टोपी, अर्धी विजार, पाठपिशवी, काहीही नाही. त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे, बार्बाडोसमध्येही. जावईबापूंची ती ट्रेकची विजार घरी राहू दे. मध नेऊ नका. तिथल्या मधमाश्यांना रोग लागू नये म्हणून त्रिनिदाद बाहेरच्या मधाबाबत फार कडक आहे, आणि च्यवनप्राशातही मध असतो हे सासूबाईंना सांग. ताजी फळं, बी-बियाणं, कढीपत्त्याची डहाळी नाही. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं. आपल्याकडचं व्यापारी नाव तिथल्या औषधवाल्याला कळत नाही.

लोणचं न्यायची गरजच नाही. तिथे कैरीचा कीस सुकवून मोहरीच्या तेलात घातलेलं कुचेला मिळतं, तुझ्या आजीने चाखलं असतं तर पाककृती विचारली असती. आपली माणसं तिथे जुनी आहेत: ३० मे १८४५ला फातेल रझाक नावाच्या जहाजातून २२५ गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, त्या बेटावर उतरले. त्यानंतर १९१७पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं गेली, बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, बिहार आणि संयुक्त प्रांतातली. मराठी माणूस त्यात जवळजवळ नव्हता. तिथे कुणी नमस्ते म्हणालं म्हणून हिंदीत सुरू होऊ नका, घरात ते इंग्रजीच बोलतात. आणि 'तुम्ही मूळचे कुठले' असं विचारू नका. ते त्रिनिदादचेच आहेत. वॉटरलूला समुद्रात मंदिर आहे, ऊसमळ्यात राबणाऱ्या शिवदास साधूंनी स्वतःच्या हातांनी भर घालून बांधलेलं. जमिनीवर बांधलेलं त्यांचं पहिलं देऊळ साखर कंपनीने पाडायला लावलं, म्हणून ते पाण्यात गेले. तिथून जवळच कारापिचैमाला ८५ फुटांचा हनुमान. दोन्ही एका दुपारी होतात. शगुआनासला लायन हाउस आहे, लेखक नायपॉल यांच्या आजोळचं. रस्त्यावरूनच बघायचं.

क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेटच्या मैदानाचं मी वेगळं सांगत नाही, तुमचा बेतच त्यासाठी आहे. फक्त एवढं: मार्च १९७१मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते याच मैदानावर. आपल्या गोव्याच्या सरदेसाईंचं शतक, आणि बारीक अंगाच्या गावसकरांचं पदार्पण, ६५ आणि नाबाद ६७. त्याच दौऱ्याच्या शेवटच्या कसोटीत, तिथेच, १२४ आणि २२०. एका त्रिनिदादी गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो गीत रचलं. म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यापुढे गावसकरांचं नाव काढलंत तर भाडं कमी होणार नाही, पण रस्ता नक्की लांबचा घेतला जाईल, कारण त्याला बोलायचं असतं.

टॅक्सीची पाटी बघून बसा. भाड्याच्या गाडीच्या क्रमांकाची सुरुवात एच अक्षराने होते. पी असेल तर ती खासगी गाडी, कितीही लोक बसत असले तरी तुम्ही बसू नका. मॅक्सी टॅक्सीला, म्हणजे तिथल्या मिनीबसला, रंगाचा पट्टा असतो, पट्टा मार्ग सांगतो: पिवळा पोर्ट ऑफ स्पेनच्या आसपास, लाल पूर्वेकडे, हिरवा दक्षिणेला सान फर्नांडोकडे. अंधार पडल्यावर हॉटेलने बोलावलेली गाडीच. राजधानीत गुन्हे आहेत, डिसेंबर २०२४च्या शेवटी देशभर आणीबाणी लावावी लागली होती. घाबरायचं नाही, पण लाव्हेंटीलसारख्या वस्तीत फोटो काढत फिरायचं नाही. शेजारी अकरा किलोमीटरवर व्हेनेझुएला आहे, तिकडे काय चाललंय तेही निघायच्या आधी बघा. पोलिसांना ९९९, रुग्णवाहिकेला ८११. भारतीय उच्चायोग पोर्ट ऑफ स्पेनमध्ये व्हिक्टोरिया अव्हेन्यूवर आहे, पत्ता आणि फोन वहीत लिहून ठेवा. पासपोर्टाच्या झेरॉक्स दोघांच्या बॅगांत अदलाबदल करून.

पैसे. तिथला डॉलर वेगळा, लोक त्याला टीटी म्हणतात. एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास मिळतात. पाटीवर नुसतं डॉलरचं चिन्ह असलं तर ते टीटी समजा. आपल्याकडे तो मिळत नाही, म्हणून अमेरिकी डॉलर आणि कार्ड न्या. नोटा माणशी तीन हजार डॉलरपर्यंत नेता येतात, तुम्हाला त्याच्या पावपटही लागणार नाहीत. तिथे परकीय चलनाची टंचाई आहे. रस्त्यावर कुणी जास्त भावाने डॉलर मागितले तर नाही म्हणा. आणि परतताना उरलेले टीटी परत डॉलरमध्ये बदलून मिळणं कठीण, मुंबईत तर अशक्य. शेवटच्या दोन दिवसांत ते संपवा. संपवायला डबल्सची गाडी उत्तम: दोन मऊ 'बारा', म्हणजे तळलेल्या पोळ्या, मधे छोले, वर चटण्या. गाडीवाला तिखटाचं विचारेल. जावईबापू कोल्हापूरचे असले तरी 'स्लाइट' म्हणायचं. तिथली मिरची वेगळ्या जातीची आहे.

परतीच्या विमानात बसण्याआधी पिवळी कार्डं हातपिशवीत काढून ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मोठी बॅग पट्ट्यावर येईपर्यंत आरोग्य कक्ष मागे गेलेला असतो, आणि तो आधी विचारतो. त्रिनिदाद सोडल्याची तारीख विचारली तर विमानात बसल्याची सांगा, मुंबईला पोहोचल्याची नाही. मधे साडेनऊ तासांचा फरक आणि दोन रात्री गेलेल्या असतात, माणूस गोंधळतो. कार्ड ज्याचं त्याच्याच पासपोर्टात असू दे. जावईबापू सगळ्यांचे कागद एका पाकिटात घालून ते स्वतःच्या खिशात ठेवतात, आणि मग रांगेत तुम्ही बायका पुढे आणि ते मागे, असं होतं. या वेळी ज्याचे कागद त्याच्या हातात.